दिसणारे टाके

ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे लोक आमच्याकडे पहिला प्रश्न एकच विचारतात: टाके किती पडले? ताप उतरला का, पोटात अन्न ठरतं का, हे सगळं नंतर. पाहुणा स्टुलावर टेकतो, पिशवीतली मोसंबी काढून कॉटशेजारच्या कपाटावर ठेवतो आणि टाके विचारतो. आकडा मोठा असला की मालेगावाहून एस्टीत उभं राहून आल्याचं चीज झालं असं त्याच्या तोंडावर दिसतं. लहान असला तर तो थोडा खट्टू होतो आणि मोसंबी जरा जास्तच आणली असं त्याला वाटत असावं.

मी नाशिकच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कामाला लागले. तू तिथे काय करतेस असं कुणी विचारलं तर खरं उत्तर 'दोरा' एवढंच होतं. मेन रोडवरच्या शिवणसामानाच्या दुकानातून मी मशीनच्या दोऱ्याची रिळं आणायची. दुकानदार मला शिंपीण समजायचा आणि कोणत्या रंगाचं पोलकं आहे म्हणून विचारायचा. मी काळा मागायची, कारण कातडीवर काळाच दिसतो आणि काढताना सापडतो. त्याला यातलं काही सांगितलं नाही. उगाच बिचाऱ्याचं जेवण गेलं असतं.

तो दोरा रबरी नळीच्या तुकड्यांवर गुंडाळायचा आणि वाफेच्या डब्यात घालून जंतू मारायचे. आतल्या शिवणीला कॅटगट असायचा. तो काचेच्या बंद नळीत, स्पिरिटात बुडवलेला यायचा. गॉजमध्ये धरून नळी मोडली की कट् आवाज व्हायचा आणि वास यायचा. नावात मांजर असलं तरी तो मेंढीच्या आतड्याचा असतो. पोटात तो दोन-तीन आठवड्यांत विरघळतो. रोग्याच्या गळ्यात तुळशीची माळ असली की आमचे सर्जन, त्यांना सगळेच सर म्हणायचे, आम्हाला बजावायचे की विचारलं तर खोटं बोलू नका आणि विचारलं नाही तर खरंही बोलू नका.

सुया नाकाच्या असायच्या, अर्ध्या बांगडीसारख्या वाकड्या. त्या पुन्हा पुन्हा वापरायच्या आणि बोथटल्या की तेल लावून दगडावर घासायच्या. पुढे सरांना नायलॉनचं वेड लागलं. तयार नायलॉन महाग आणि मिळायचं मुश्कील, म्हणून त्यांनी गंगापूर धरणाकडच्या एका कोळ्याकडून मासे धरायची तंगूस आणली. ती उकळून कातडीला वापरली. चिवट होती, कुजत नव्हती, पण हाताला सुती दोऱ्याची सवय. सुती दोऱ्याला तीन गाठी मारल्या की काम झालं. तंगूसला तीन मारल्या तर सकाळपर्यंत ती सरळ होऊन बसलेली असायची आणि जखमेचं तोंड उघडं. दोन-तीन रोग्यांना पुन्हा शिवावं लागलं तेव्हा सरांचा हात सुधारला. माणसाच्या अंगावरच शिकावं लागतं, त्याला दुसरा उपाय कुणाला सापडलेला नाही.

मला या सगळ्याचं काही वाटायचं नाही. थिएटरमध्ये हिरव्या कापडाला एक चौकोनी भोक असतं. तेवढ्या चौकोनात जे असतं ते आपलं, बाकी माणूस कापडाखाली. पहिल्या वर्षी मी कापडाखालचा चेहरा आठवायची, पुढे ते बंद पडलं. बंद केलं असं म्हणणार नाही, आपोआप पडलं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिळं गुंडाळत होते. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. पाय मुडपून बसलं की पाय जसा आपला राहत नाही तसं आतून झालं होतं, आणि मुंग्या येण्याचीही वाट मी पाहत नव्हते.

आता टाके काढायच्या दिवसाविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या भागात तो दिवस जवळजवळ सणासारखा असायचा. घरून कुणीतरी पेढे घेऊन यायचं. चिमट्याने गाठ उचलायची, कातडीलगत कापायचं, ओढायचं. टाके निघाले की डोक्यावरून अंघोळ आणि मग घरी. बाई असली तर ती मोकळी. मोकळी म्हणजे कामाला मोकळी. टाके आहेत तोवर तिने हंडा उचलायचा नाही, जात्याला हात लावायचा नाही, नवऱ्यानेही लांब झोपायचं. 'टाके आहेत अजून' एवढं म्हटलं की घरातलं सगळ्यात खाष्ट माणूससुद्धा गप्प बसायचं. टाके निघाले की मात्र पी हळद अन् हो गोरी. सकाळी टाके काढलेली बाई संध्याकाळी भाकऱ्या थापताना दिसायची.

खरी गोष्ट अशी की कातडी आठवड्या-दहा दिवसांत जुळते, पण तिच्या खालचा जाड पडदा, ज्यावर पोटाचा सगळा भार असतो, त्याला जुळायला महिने लागतात. आम्ही काढायचो ते वरचे टाके. आतल्यांची मोजदाद कुणी करतच नव्हतं, कारण ते कुणी पाहिलेले नसायचे.

माझी धाकटी बहीण पिंपळगाव बसवंतजवळच्या एका वस्तीवर दिली होती. सासरी द्राक्षबाग आणि कांदा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिला विषमज्वर झाला आणि आतड्याला भोक पडलं. तिला बैलगाडीतून हायवेवर आणि तिथून कांद्याच्या टेंपोतून आमच्या इस्पितळात आणलं. सरांनी पोट उघडलं. ट्रॉलीवरून मी दोरा देत होते. त्या चौकोनात माझी बहीण होती, हे मला माहीत होतं आणि तरी माहीत नसल्यासारखं होतं. सरांनी आतून कॅटगट घातला, वरून काळा सुती दोरा. ती वाचली.

सरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, तीन महिने जड उचलायचं नाही. त्याने मान हलवली. तो खोटारडा नव्हता, पण त्याच्या आणि त्याच्या आईच्या हिशेबी सरांनी 'टाके निघेपर्यंत' असंच सांगितलं होतं. टाके निघाले आणि ती घरी गेली. हंगाम चालू होता. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर कांद्याची पाटी होती. तिच्या सासूनेच ती चढवली हे मला पुढे कळलं. त्या बाईला मी कधीच माफ करणार नाही असं मी तेव्हा ठरवलं, आणि मला आत काहीतरी ठरवता आलं याचंच नवल वाटलं.

कॅटगट विरघळला तेव्हा पडदा जुळलेला नव्हता. हळूहळू फट रुंदावत गेली. बहीण खोकली की बेंबीवर मुठीएवढा गोळा यायचा. मधे एक मूल झालं आणि गोळा नारळाएवढा झाला. तो हाताने आत दाबून ती कांदे भरायची. जखमेभोवतीची कातडी बधिर झाली होती. एकदा माझ्याकडे आली तेव्हा तिने मला तिथे चिमटा काढायला लावला. मी काढला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बघ, काहीच नाही. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी आहोत हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट पटलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आमच्याकडे नवे दोरे येऊ लागले. चकचकीत पाकिटात, सुईला जोडूनच आलेले. सुईला नाकच नाही, दोरा सुईच्या टोकातच बसवलेला, त्यामुळे भोक दोऱ्याएवढंच पडायचं. एकदा वापरली की सुई टाकून द्यायची. ती टाकताना माझा हात महिनाभर थबकत होता. त्यातला एक जांभळा दोरा आतड्याचा नव्हता, कारखान्यात बनवलेला, आणि आपोआप विरघळणारा. सर त्याने कातडी आतून शिवायचे. वरून काही दिसायचं नाही, नुसती एक रेघ. काढायचे टाकेच नाहीत. सर त्या रेघेवर इतके खूश होते की विद्यार्थ्याने चित्र दाखवावं तसं येईल त्याला दाखवायचे.

बहिणीचं पोट पुन्हा शिवायचं ठरलं. सरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पडद्याचे काठ विरलेत, या वेळी आतून जाड नायलॉन घालू, तो विरघळत नाही, पण काठ जुळेपर्यंत तिने काही उचललं तर नायलॉन तसाच राहील आणि काठ फाटतील. मग तिसऱ्यांदा शिवायला काठच उरणार नाहीत. उरलेला जन्म तिला पोट हातात धरून काढावा लागेल, आणि आतडं त्यात अडकलं तर तेवढाही जन्म नाही. मी हो म्हटलं आणि ट्रे लावायला गेले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बहीण कॉटवर बसून माझी वाट बघत होती. तिच्या वस्तीवरच्या एका बाईचं पिंपळगावात ऑपरेशन झालं होतं, या नव्या दोऱ्याने. ती घरी गेली तर बायका बघायला आल्या. टाके दाखव म्हणाल्या. तिच्या पोटावर टाकेच नव्हते. झालं, वस्तीभर चर्चा, डॉक्टरने नुसतं ओरखडलं आणि पाठवून दिली. चौथ्या दिवशी तिच्या सासऱ्याने तिला गोठ्यात शेण काढायला लावलं. टाके नायत ना, मग काय झालं तुला, म्हणाला. हे सांगून बहिणीने माझा हात धरला.

"ताई, मला काळे टाके घाल. मोठे. दिसतील असे."

मी तिला समजावलं. म्हटलं, शिडीसारखा वण राहील, नव्या पद्धतीने नुसती रेघ उमटते, छान दिसतं.

"कोण बघणारे माझं पोट?" ती म्हणाली. "मला झोपायचंय ताई. लय दमले मी."

मी सरांना सांगितलं. वाटलं होतं, हसतील किंवा चिडतील. इतकी वर्षं ते जी रेघ साधायला धडपडले, तिच्यावर मुद्दाम काळे फराटे मारा असं सांगणं म्हणजे त्यांच्या हस्ताक्षरावर शाई ओतणं. ते सरळ हात धुवायला गेले.

तिला पाठीत सुई देऊन छातीखाली बधिर केलं होतं. ती जागी होती. सरांनी आतून नायलॉन घातला, सावकाश, प्रत्येक गाठीला पुन्हा पुन्हा वळसे देत. मग जांभळ्या दोऱ्याने कातडी आतून शिवली. सुंदर रेघ आली. ती पुरी झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि सगळ्यात जाड काळा नायलॉन मागितला. त्या रेघेवरून त्यांनी लांब लांब टाके घातले, सैल, आणि प्रत्येकात लाल रबरी नळीचा तुकडा ओवला. पूर्वी पोट फुटायची भीती असली की दोरा कातडीत रुतू नये म्हणून असे तुकडे घालायचे. इथे त्यांचं काही काम नव्हतं. सर दोन पावलं मागे सरकून बघत राहिले.

"लांबून दिसतात का?" त्यांनी मला विचारलं. मी दिसतात म्हटलं.

मग त्यांनी नवऱ्याला आणि सासूला बोलावून सांगितलं की ऑपरेशन फार मोठं झालं आहे, टाके मी सांगेन तेव्हा निघतील, आणि टाके आहेत तोवर भरलेला तांब्यासुद्धा उचलायचा नाही. सासू टाके बघत होती. रबरी तुकडे बघून तिने तोंडावर पदर घेतला.

पहिल्यांदा बहिणीला टाके काढायला आणलं तेव्हा मी एकाआड एक काढले आणि उरलेल्यांना अजून वेळ आहे म्हणून परत पाठवलं. पुढच्या वेळीही तसंच केलं. कातडी जरा लाल व्हायची, मी औषध लावत राहिले. खोटेपणाचं मला काही वाटलं नाही. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात स्वच्छ टाका होता.

बहीण सांगायची, वस्तीवरच्या बायका बघायला येतात, सासू स्वतः लुगडं बाजूला करून रबराचे तुकडे दाखवते आणि म्हणते, बघा, केवढं मोठं ऑपरेशन. ओसरीत तिच्यासाठी बाज टाकली होती. कांदा काढून झाला, कांदाचाळीत भरून झाला, ती बाजेवर. 'ताई, मी दुपारी झोपते,' असं तिने मला सांगितलं, चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा आत काहीतरी हललं. आनंदच असावा. खात्री नव्हती, कारण ओळख राहिली नव्हती.

शेवटचे टाके काढायला सासू तिला घेऊन आली. दीड महिना होऊन गेला होता. सरांनी बहिणीला खोकायला लावलं, बसायला, उठायला लावलं. पोट सपाट राहिलं. काठ धरले होते, आणि पुरतं बळ येईपर्यंत आतला नायलॉन साथ देणार होता. सर म्हणाले, हिचं पोट आता टिकेल. मी उरलेले टाके काढले, बहीण साडी नीट करून बाहेर बाकावर जाऊन बसली, आणि सासू मात्र ड्रेसिंगच्या खोलीतच थांबली. मी ट्रे आवरत होते. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं. तिने दार लोटून घेतलं.

"तिनं सांगितलंय मला," ती म्हणाली. "वरचे टाके खोटेत म्हणून. लय दिवस झाले सांगून."

हिने पोराला सांगितलं असेल, आता भांडण होईल, एवढंच मनात आलं.

"मी नाय सांगितलं कोणाला. पोरालाबी नाय. म्हणलं पडून राहू दे तिला."

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिला मी धड बघितलं नव्हतं. ही बाई बहिणीच्या बाजेजवळ बसून, सगळं माहीत असताना, आल्यागेल्याला ते खोटे टाके दाखवत होती. त्या दीड महिन्यात पाट्या कुणी उचलल्या हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायची गरज नव्हती. तिच्या डोक्यावर पाटीखालच्या चुंबळीच्या जागी केस विरळ झाले होते.

तिने मग खालच्या आवाजात सांगितलं की तिसऱ्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येतं. ओझं उचललं की येतं, हाताने आत सारायचं आणि पुन्हा उचलायचं. नवऱ्याला सांगितलं नाही, पोराला कसं सांगणार. बहीण बाजेवर पडली तेव्हापासून जास्त येतंय.

"मलाबी घाला ना बाई चार टाके," ती म्हणाली. "आत काय करू नका. पोटावर, वरूनच. दिसतील असे."

मी तिला सांगितलं की याचं खरं ऑपरेशन असतं. खालूनच करतात, पोट कापावं लागत नाही, सर चांगलं करतात, बरं वाटेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्याचे टाके दिसतेत का?"

"नाही, मावशी. ते आतच असतात."

"मग काय उपयोग," ती म्हणाली.

मला त्या बाईचा राग होता. पाटी चढवल्या दिवसापासून तो मी जपून ठेवला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळ जिवंत असं तेवढंच उरलं होतं. तोही तिने नेला. इतक्या ऑपरेशनांत, बहिणीच्या पोटावर, आईच्या वेळीसुद्धा मी कधी रडले नव्हते. आता मला रडू आलं, आणि ती मोठ्या माणसासारखी उभी राहून मी आवरायची वाट बघत होती.

ड्रेसिंगचं टेबल रिकामं होतं. मी त्यावर धुतलेली चादर घातली आणि म्हटलं, मावशी, तुम्ही इथे जरा आडव्या व्हा, सर आले की तपासतील. तिने चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या, टेबलावर चढली, पदर तोंडावर घेतला आणि लगेच झोपली. भर दुपारी, घोरत. मी बाहेर जाऊन बहिणीला सांगितलं, वेळ लागेल, ही बस जाऊ दे.